छोटी कॅथलिक शाळा: पट कसा वाचायचा?

नमस्कार मंडळी,
पुढच्या वर्षी मुलीला केजीत घालायचंय. इथे अमेरिकेत घराजवळच्या कॅथलिक शाळेचा पट दीडशेच्या आत आहे आणि दरवर्षी घटतोय म्हणतात. शाळा टिकेल का, हे आधी कसं ओळखायचं? आम्ही हिंदू, त्यानं काही अडतं का?

---
> पट दीडशेच्या आत

ताई, एकूण आकड्यावर जाऊ नका, त्यात बरेचदा प्रीके (केजीच्या आधीचा वर्ग) धरलेलं असतं. केजी ते आठवीचा इयत्तावार पट मागा, गेल्या पाच वर्षांचा. आठवीतून २२ मुलं बाहेर पडली आणि केजीत ११च आली, तर मधलं कुणीही न हलता पट ११ने उतरतो. प्रीकेतली किती मुलं केजीला थांबतात तेही विचारा. पब्लिक स्कूलमध्ये (म्हणजे इथल्या सरकारी शाळेत) केजी फुकट, त्यामुळे गळती तिथेच होते.

वर्गात दहा मुलं असोत की वीस, शिक्षिकेचा पगार तोच. पूर्वी नन्स नाममात्र मानधनावर शिकवायच्या, आता बहुतेक सगळे पगारी शिक्षक. ट्यूशनमधून, म्हणजे शाळेच्या फीमधून, खर्च भागत नाही, उरलेला पॅरिश (शाळा ज्या चर्चची ते स्थानिक चर्च) आणि फंडरेझर उचलतात. म्हणून पॅरिशची मदत किती आणि ती दरवर्षी फुगतेय का, हे प्रिन्सिपॉलना सरळ विचारा. पट घटला की दोन इयत्ता एकत्र बसवतात. ते वाईटच असं नाही, पण गणित तरी वेगळं घेतात ना, ते वर्गात बसून बघा.

---
धर्मानं सहसा अडत नाही. जागा कमी असल्या तर भावंडं आणि पॅरिशची मुलं आधी, एवढंच. बाप्तिस्म्याचा दाखला कॅथलिक मुलांपुरता. धर्माचा तास आणि मास (चर्चमधली प्रार्थना) मात्र सगळ्यांना. कम्युनियन (मासमध्ये देतात ती पवित्र भाकर) आपल्या मुलांनी घ्यायचं नसतं. जागेवर बसून राहतात, किंवा छातीवर हातांची फुली करून आशीर्वाद घेतात.

कॅथलिक स्कूल्स वीक जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो, ओपन हाउस बहुधा तेव्हाच. तिथे सगळं सजवलेलं असतं, म्हणून एखाद्या साध्या मंगळवारीही जाऊन या. आर्थिक मदतीचा फॉर्म ट्यूशन ठरण्याआधीच भरा, उशिरा आलेल्यांना उरलंसुरलं मिळतं. मुलीला स्पीच थेरपी लागत असेल तर पब्लिक स्कूलचा आयईपी (विशेष मदत लागणाऱ्या मुलासाठीचा लेखी आराखडा) कॅथलिक शाळेत तसाच चालत नाही, हे लक्षात ठेवा.

---
एक राहिलं. शाळा बंद करायची घोषणा पुष्कळदा फेरनोंदणीचे आकडे हाती आल्यावर होते, तोवर इतर शाळांच्या मुदती उलटलेल्या असतात. डिपॉझिट परत मिळेल का, ते करारात लेखी बघूनच सही करा, आणि पब्लिक स्कूलची नोंदणीही करून ठेवा.