मदत हवी आहे: पोर्तो रिकोचं एल युंके जंगल आणि सोबत ६८ वर्षांचे ट्रेकर बाबा

मृण्मयी_जर्सी:
नमस्कार मंडळी. आई-बाबा कोल्हापूरहून आलेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना घेऊन पोर्तो रिकोच्या राजधानीला, सान हुआनला जातोय, त्यातला एक अख्खा दिवस एल युंकेसाठी ठेवलाय. आईला गाडीतून दिसेल तेवढं पुरे. प्रश्न बाबांचा आहे. डावा गुडघा कुरकुरतो, पण पन्हाळा-पावनखिंड केलेला माणूस. तिथलं सगळ्यात उंच शिखर कुठलं ते विचारून झालंय आणि धबधब्याखाली उभं राहायचंच असंही जाहीर झालंय. कुठली वाट त्यांना झेपेल? पाण्यात उतरणं कितपत सुरक्षित? पाऊस आला तर दिवस फुकट जाईल का? आई विचारतेय, साप आणि जळवा किती? आणि व्हिजिटर व्हिसावर तिथे जाता येतं ना?

रानवाटा:
व्हिसाचं आधी. पोर्तो रिको अमेरिकेचाच भाग, विमान देशांतर्गत. आई-बाबांचे मूळ पासपोर्ट फक्त जवळ असू द्या.

सर्वात उंच एल तोरो, १,०७४ मीटर. आकडा ऐकून बाबा हसतील, पण त्या वाटेवर चिखल, मुळं आणि अंगावर येणारी झुडपं. कुरकुरत्या गुडघ्याला नकोच. त्याऐवजी माउंट ब्रिटनचा बुरूज करा. जायला मैलभरही नाही, वाट बांधलेली आहे, पण चढ खडा आहे, त्यामुळे त्यांना 'डांबरी जंगल' म्हणता यायचं नाही. दगडी बुरूज १९३०च्या दशकातला. वर ढगातलं खुजं रान लागतं. वारा आणि सततच्या ओलीमुळे झाडं तिथे उंच होतच नाहीत. ढग असेल तर वरून काहीही दिसणार नाही, हे आधीच सांगून ठेवा. त्रास उतरताना होतो. ओल्या सिमेंटवर शेवाळ असतं, काठी हवीच. पट्ट्याच्या चपला घालून नेऊ नका. त्यांचे अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग बूट आणले असतील तर उत्तम.

आईसाठी ला कोका धबधबा रस्त्यावरूनच दिसतो, गाडीतून उतरायचीही गरज नाही. योकाहू बुरुजाशीही गाडी जाते, जिना मात्र चढावा लागतो.

रस्ता १९१ उत्तरेकडूनच पकडा. नकाशात दक्षिणेकडून, नागुआबोच्या बाजूने, रस्ता आरपार दिसला तरी तिकडून जाऊ नका. दरडी कोसळून मधला भाग १९७०च्या दशकापासून बंद आहे. जुन्या ब्लॉगवर आगाऊ आरक्षण लागतं असं वाचाल, ती अट २०२३ मध्ये गेली. गाड्या लावायला जागा थोडी, म्हणून सकाळी लवकर पोहोचा. २०१७च्या मारिया वादळानंतर काही वाटा वर्षानुवर्षं बंद होत्या, तेव्हा आदल्या दिवशी वनखात्याच्या संकेतस्थळावर काय उघडं आहे ते बघा.

कातळकडा:
साप-जळवांची चिंता आईंनी सोडून द्यावी. माणसाच्या जिवावर बेतेल असा विषारी साप त्या बेटावर नाही. बोआ आहे, तो बिनविषारी आणि लाजाळू. जळवांचा आपल्याकडच्यासारखा ताप नाही. मुंगूस मात्र दिसेल. आपल्याच भागातलं, उसातले उंदीर मारायला एकोणिसाव्या शतकात तिकडे नेलेलं. त्याच्यात रेबीज आढळतो. खाऊ घालू नका, जवळ येऊ देऊ नका.

खरी काळजी पाण्याची. वरच्या भागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरला चार महिन्यांत कोसळतो जवळजवळ तेवढा, पण एल युंकेत तो बाराही महिने वाटून पडतो. म्हणजे कुठल्याही दिवशी, तुमच्या डोक्यावर ऊन असताना, वर शिखरावर सर कोसळत असू शकते. नद्या आखूड आणि उताराच्या, त्यामुळे वरचं पाणी फार थोड्या वेळात खाली येतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते प्रवाहाच्या मधोमध उभे असताना पाणी वाढलं होतं. एल युंकेतही तसंच घडू शकतं.

त्यामुळे बाबांना डोहात उतरायचंच असेल तर अट घाला: बाहेर पडायची वाट ज्या काठाला आहे त्याच काठाशी राहायचं, नदी ओलांडून पलीकडच्या खडकावर डबा उघडून बसायचं नाही. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा-काटक्या वाहत आल्या किंवा आवाज वाढला, की बूट-पिशव्या सोडून वर चढायचं. कड्याच्या थेट खाली उभं राहणं तर नाहीच, वरून दगड येतात. एका जणाने काठावर थांबून फक्त वरच्या अंगाला बघत राहायचं.

चहाबाज:
अहो, किती घाबरवताय! आम्ही पोरांसकट डुंबलो, शेकडो लोक होते, काही झालं नाही.

कातळकडा:
चहाबाज, भुशीलाही रोज शेकडो लोक असतात. डुंबू नका म्हटलेलंच नाही. आंखेलितोची वाट छोटी आहे, खाली मामेयेस नदीचा डोह आहे, कोरड्या सकाळी तिथे जरूर जा. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर राहू द्या.

नाडीपरीक्षा:
थोडं वैद्यकीय. नदीचं पाणी पिऊ नका. पायाला जखम किंवा भेग असेल तर पाण्यात उतरू नका, कारण लेप्टो (उंदरांच्या मुतामुळे पाण्यातून होणारा ताप) तिथेही आहे. परतल्यावर महिनाभरात ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं असं काही झालं तर डॉक्टरांना 'गोड्या पाण्यात उतरलो होतो' हे आपणहून सांगा. डेंगीमुळे २०२४ मध्ये तिथे आरोग्य आणीबाणी जाहीर झाली होती, तेव्हा लांब बाह्या आणि डासांचं मलम हवंच. बाबा रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. व्हिजिटर विमा कुठल्या गोष्टींना लागू आहे तेही वाचा. घसरून हाड मोडलं तर अमेरिकेत बिल काय येतं ते वेगळं सांगायला नको.

रानवाटा:
अजून एक: जंगलात फोनला रेंज जवळपास नसते. नकाशा आधीच उतरवून घ्या, आणि आई गाडीपाशी थांबणार असतील तर 'इतक्या वाजेपर्यंत परत' हे ठरवूनच निघा. टॅक्सी अ‍ॅपने जाता येईल, पण परतीची गाडी मिळणं कठीण, भाड्याची गाडी घ्या. वेगाच्या पाट्या मैलांत आणि अंतराच्या किलोमीटरमध्ये, गोंधळून जाऊ नका.

मृण्मयी_जर्सी:
सगळ्यांचे मनापासून आभार! बाबांना धागा वाचून दाखवला. एल तोरो रद्द, ब्रिटन मान्य. काठावरचा पहारा आईने स्वतःकडे घेतलाय, त्यामुळे डोहात फार वेळ मिळणार नाही असं दिसतंय. शेवटची शंका: बाबा शाकाहारी आहेत, जंगलाजवळच्या लुकियो गावातल्या खाण्याच्या टपऱ्यांवर काही मिळेल? आणि तिथले आंबे जर्सीला आणता येतील का?

चहाबाज:
तोस्तोनेस मागा, कच्च्या केळ्याचे तळलेले चपटे काप, मस्त लागतात. राजम्यासारखी उसळ दिसेल, तिच्यात बऱ्याचदा डुकराचं मांस असतं, विचारूनच घ्या. आंबे तिथेच खाऊन संपवा. परतीच्या विमानाआधी कृषी खातं सामान तपासतं आणि आंबा सोडत नाही.