नागपुरात 55 लाखांत चांगल्या शेजारातला फ्लॅट आणि त्याचं मृत्युपत्र: सल्ला हवा

दुपारचा_चहा (धागाकर्ता)
रिटायर झालोय, वय 61. मी, सौ. आणि आई (84) असे तिघं. दोन मुली, दोघी लग्न होऊन बाहेरगावी. बजेट रजिस्ट्रीसकट 55 लाख, कर्ज नाही. टू बीएचके, शक्यतो त्रिमूर्तीनगर, नरेंद्रनगर किंवा मानेवाडा. शेजारी दार उघडून विचारतील अशी वस्ती हवी. दुसरं, आमच्यानंतर मुलींना कोर्टाच्या चकरा नकोत. घेतानाच काय लिहून ठेवावं? मोठ्या मुलीचं नाव रजिस्ट्रीतच टाकलं तर?

तर्रीवाला_चौक
खामला पाहा. 90 पर्यंत मस्त मिळते. दोन लिफ्ट, जनरेटर, सगळं.

दुपारचा_चहा
भाऊ, 55.

तर्रीवाला_चौक
हो ना जी, पण 55 मध्ये जे मिळते ते घेऊन पस्तावण्यापेक्षा थोडं ताणावं माणसानं.

प्लॉटच_घ्या
फ्लॅट म्हणजे हवेत पैसे. बेसा-बेलतरोडीकडे प्लॉट घ्या, दोन खोल्या बांधा. जमीन वाढते, स्लॅब झिजते.

खसरा_शीट
61 व्या वर्षी बांधकाम काढायला सांगून राहिले तुम्ही. आणि प्लॉट सांगता तर निदान पूर्ण सांगा. शहरातल्या गुंठेवारी (मंजुरी न घेता तुकडे पाडून विकलेल्या) लेआऊटमध्ये नासुप्रचं, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं, आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) आहे का ते पाहायचं. विकणारा डिमांडची (नियमित करायला मागितलेल्या रकमेची) पावती दाखवतो आणि म्हणतो झालं. डिमांड भरली म्हणजे आरएल निघालं असं नाही. आरएल नसेल तर नकाशा मंजूर होत नाही, बँक दारात उभी करत नाही. हद्दीबाहेर एनए (अकृषक परवानगी) आणि टीपी (नगररचना विभागाची मंजुरी) दोन्ही वेगवेगळे मागा. 'ग्रामपंचायत मंजूर लेआऊट' हे शब्द दिसले की पुढचा प्लॉट पाहा. शिवाय विकास आराखड्यात त्या खसऱ्यावर (जमिनीच्या सर्व्हे नंबरवर) शाळेचं, मैदानाचं आरक्षण आहे का तेही पाहावं लागते.

प्लॉटच_घ्या
आमच्याकडे आरएल आहे. सगळ्यांचं सारखं नसते.

पुणेकर_सध्या
मृत्युपत्राचा एवढा विचार कशाला? सोसायटीत नॉमिनेशन फॉर्म भरा, दोन्ही मुलींची 50-50 टक्के नावं टाका. विषय संपला.

खसरा_शीट
विषय इथे सुरू होतो. एक म्हणजे नॉमिनी मालक होत नाही. सोसायटीनं कागद कोणाच्या हाती द्यायचे, एवढंच त्यानं ठरते. मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव आहे त्याची. दुसरं, नागपुरातल्या बऱ्याच जुन्या स्कीम (अपार्टमेंट इमारती) सोसायटी नाहीतच. 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली डिक्लरेशन (सगळ्या इमारतीचं घोषणापत्र) नोंदवलेलं असते आणि प्रत्येकाच्या नावानं डीड ऑफ अपार्टमेंट, त्यात जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला. शेअर सर्टिफिकेट नाही, त्यामुळे तुमचा तो फॉर्म भरून द्यायचा कोणाकडे हाच प्रश्न. मालकी त्या डीडनंच चालते.
धागाकर्ते, फ्लॅट पाहायला गेले की पहिला प्रश्न हाच: डिक्लरेशन नोंदलंय का, आणि डीडमधला टक्का त्याच्याशी जुळतो का. दोन्हीकडे वेगळा आकडा असेल तर आधी दुरुस्तीपत्र, मग बयाणा.

पुणेकर_सध्या
पुण्यात असं नसतं.

कुलर_स्टँड
सगळ्यात वरचा मजला घेऊ नका. मे महिन्यात स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेली राहते. पश्चिमेची बेडरूमपण नको. आणि कुलर ठेवायला खिडकीबाहेर जागा आहे का ते पाहा. नव्या फ्लॅटमध्ये खिडक्या अशा देतात की कुलर बसतच नाही. कुलरच्या टाकीचं पाणी दिवसातून दोनदा भरावं लागते, नळ किती वाजता येतो तेही विचारा.

सांज_फेरी
शेजाराचं कोणी बोलेना म्हणून लिहितो. फ्लॅट रविवारी दुपारी दाखवतात, तेव्हा सगळे झोपलेले. तुम्ही सकाळी सातला आणि संध्याकाळी साडेसातला जा, दलालाशिवाय. सातला पाणी, दूध, कचरागाडी या तिन्हींचे वाद कानावर येतात. साडेसातला गेटजवळ खुर्च्या टाकून बायामाणसं बसतात की सरळ पार्किंगमधून वर जातात, ते दिसते. कोपऱ्यावरच्या किराण्यात विचारा, या स्कीममध्ये उधारीची वही चालते का. दुकानदार खरं सांगतो. मेंटेनन्सचा हिशेब कोण ठेवते आणि गेल्या वर्षाची बाकी किती, हे विचारल्यावर लोक हसले तर समजा भांडण आहे.
आणि अंबाझरीच्या खालचा, नाग नदीकाठचा भाग पाहत असाल तर 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे पाणी कुठवर आलं ते तळमजल्यावरच्यांना विचारा. रंग नवीन दिला असला तरी मीटर बोर्ड वर सरकवलेला दिसतो.

वऱ्हाडी_ठेचा
बक्षीसपत्र करून टाका मुलींच्या नावानं. राहतं घर मुलांना, नातवंडांना दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक फक्त 200 रुपये. मृत्युपत्राला भांडणं लागतात, याला नाही.

खसरा_शीट
200 खरं, पण अधिभार वेगळा मोजतात. दुय्यम निबंधकाकडून आकडा लेखी काढून घ्या. पैसा सोडा, बक्षीसपत्र एकदा नोंदलं की माघारी घेता येत नाही. मृत्युपत्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येते. आणि बक्षीस द्यायचंच असेल तर 'आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर' हे वाक्य दस्तातच पाहिजे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम 23, म्हणजे सांभाळ झाला नाही तर बक्षीस रद्द करवून घ्यायचं कलम, त्या अटीवर उभं आहे. प्रेमानं दिलं असं लिहून मग अट तोंडी सांगितली तर हाती काही नाही.

तर्रीवाला_चौक
म्हणूनच म्हणतो मोठं घर घ्या, दोघी मुलींना एकेक मजला.

लेखणी_वर्धारोड
वर कोणी पाहिलं नाही, पण धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट 'आई (84)' ही आहे. हिंदू वारसा कायद्यात मुलाच्या मागे पत्नी, मुलं आणि *आई* हे पहिल्या वर्गाचे वारस. घर तुमच्या एकट्याच्या नावावर आणि मृत्युपत्र नाही, तर सौ., दोन मुली आणि आई, प्रत्येकी पाव. पुढे आईंचंही मृत्युपत्र नसेल तर त्यांच्या त्या पाव हिश्शात तुमचे भाऊ-बहीण आणि तुमच्या जागी तुमच्या मुली. म्हणजे सौ.ना उद्या फ्लॅट विकायचा झाला तर दिरा-नणंदांच्या सह्या लागतील. त्यांनी हिस्सा सोडला तर हक्कसोडपत्र, तेही नोंदणीकृत, नाहीतर दावा.

'दोघांच्या नावावर घेतलं की एक गेल्यावर आपोआप दुसऱ्याचं' हा बँकेच्या जॉइंट खात्यावरून झालेला गैरसमज. घराला तो नियम लागत नाही. तुमचा अर्धा भाग तुमच्या वारसांकडेच जातो, म्हणजे त्यातही आईंचा आठवा हिस्सा.

मुलीचं नाव रजिस्ट्रीत टाकू नका. टाकलं की ती आजपासून मालक. तिच्या सहीशिवाय विकता येणार नाही, आणि धाकटीला नंतर समजावत बसाल.

दुपारचा_चहा
हे ठाऊकच नव्हतं. पण आईला वगळायचं नाही मला.

लेखणी_वर्धारोड
वगळू नका. मृत्युपत्रात लिहा की आईला या घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील, मालकी पत्नीकडे जाईल. पत्नीला मालकी देताना मात्र 'तिच्या हयातीपर्यंत, नंतर मुलींना' असं लिहू नका. मग दवाखान्यासाठी पैसे लागले तरी तिला विकता येत नाही. 'पूर्ण मालकी हक्कानं' लिहा, आणि खाली 'पत्नी माझ्या आधी गेल्यास दोन्ही मुलींना समान' ही ओळ. ही ओळ लोक विसरतात. 'बाकी जे काही निघेल ते अमुकाला' ही शेवटची ओळपण टाका, नाहीतर राहिलेली एखादी एफडी परत वारसांच्या रांगेत.

दोघांचं मिळून एकच मृत्युपत्र नको. एक गेल्यावर दुसऱ्याला त्यात बदल करता येतो का यावरच वाद होतात. दोन वेगळे कागद करा.

साक्षीदार दोन, तुमच्यापेक्षा वयानं लहान, तुम्हाला सही करताना पाहणारे आणि तुमच्यासमोर सही करणारे. मुली-जावई नकोत. हिंदूंच्या बाबतीत त्यानं मृत्युपत्र रद्द होत नाही, पण शंका घ्यायला जागा मिळते. त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण करा. नोंदलेल्या मृत्युपत्राची नक्कल तुमच्या हयातीत तुमच्याशिवाय कोणाला मिळत नाही. नागपुरात प्रोबेटची (मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब घेण्याची) सक्ती नाही; ते मुंबईवाल्यांचं डोकेदुखीचं काम होतं, तिथलीही सक्ती 2025 मध्ये काढली. घराचं वर्णन सूची 2 (रजिस्ट्रीच्या नोंदीचा उतारा) मधून जसंच्या तसं उतरवा: मौजा, खसरा, शीट, सिटी सर्व्हे नंबर, अविभक्त हिस्सा, चतुःसीमा.

वऱ्हाडी_ठेचा
हेच म्हणत होतो मी, लिहून ठेवा.

खसरा_शीट
तुम्ही बक्षीसपत्र म्हणत होते.

पैसा_पैसा
बजेटचं गणित कोणी केलं नाही. नागपुरात मुद्रांक 7 टक्के, नोंदणी 1 टक्का पण कमाल 30 हजार. 55 मध्ये बसवायचं तर सौदा 51 च्या वर जाऊ नका. एकट्या सौ.च्या नावावर घेतला तर 1 टक्का सूट, म्हणजे 51 लाखांवर 51 हजार वाचतात. दोघांच्या नावावर असेल तर सूट नाही. रेडी रेकनरची (सरकारी दरानं येणारी) किंमत सौद्यापेक्षा जास्त निघाली तर मुद्रांक त्या किमतीवर. सौदा किंवा ती किंमत 50 लाख झाली की 1 टक्का टीडीएस तुम्ही कापायचा. विकणारा म्हणेल मी पाहून घेतो. त्यानं पाहून घेतलं नाही तर नोटीस तुम्हाला येते.

लेखणी_वर्धारोड
सौ.च्या एकटीच्या नावावर घेणं आणखी एका कारणानं चांगलं. त्यांच्या मागे वारस तुम्ही आणि मुली, सासूबाई येत नाहीत. पण त्या आधी गेल्या तर तुमच्या तिसऱ्या हिश्शात आईंचा प्रश्न पुन्हा उभा. म्हणून मृत्युपत्र दोघांचंही, नाव कोणाचंही असो.

नळ_गेला
नासुप्रच्या लीजच्या प्लॉटवरची स्कीम असेल तर पट्ट्याची किती वर्षं उरली, भूभाटक (जमिनीचं भाडं) भरलेलं आहे का, आणि नासुप्रची एनओसी, हे पाहा. सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) 30 वर्षांचा. घरटॅक्स, पाणीबिल, वीजबिल तिन्ही एकाच नावानं आहेत का तेही.

दुपारचा_चहा
सगळ्यांचे आभार. तीन आठवडे फिरलो. अयोध्यानगरात आठ फ्लॅटची जुनी स्कीम, तिसरा म्हणजे शेवटचा मजला, लिफ्ट नाही. 48 ला ठरलं. सकाळी सातला गेलो तर खालच्या वहिनींनी आधी चहा दिला, मग विचारलं कोणाकडे आलात. डिक्लरेशन आणि डीड जुळतात, सर्च स्वच्छ आहे. सौ. एकटीच्या नावाला तयार नाही, दोघांच्या नावावर घेतो. 48 हजार गेले तर गेले. मुलीचं नाव टाकणार नाही. मृत्युपत्रं दोन, ज्या आठवड्यात रजिस्ट्री त्याच आठवड्यात.

कुलर_स्टँड
वरचा मजला नको म्हटलं होतं!! गच्ची सामायिक आहे, वॉटरप्रूफिंगचा खर्च आठही जणांत वाटायचा हे लेखी घ्या, नाहीतर गळती तुमची आणि बिलपण तुमचं.

पैसा_पैसा
48 + 3.36 + 0.30 = 51.66. उरलेल्यात गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या, दोन हात, मार्चच्या आत.

सांज_फेरी
84 वर्षांच्या आजी आणि तीन मजले?

दुपारचा_चहा
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची ठेवतो म्हणाले तिथले लोक. आई म्हणते, मला उतरायचंच कुठे आहे, त्याच येतील वर.

प्लॉटच_घ्या
प्लॉटवर तळमजला बांधला असता.