शब्दचर्चा: ‘शेअर-अलाइक’ला मराठीत काय म्हणाल?

मूळ प्रश्न

चित्रे काढायच्या एका मुक्त सॉफ्टवेअरचे मेन्यू मराठीत आणतोय. इंकस्केप या चित्रे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो तसा इथेही ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टीज’मध्ये ‘लायसन्स’चा टॅब आहे. यादीतून क्रिएटिव्ह कॉमन्सचा (आपली कलाकृती इतरांना ठरावीक अटींवर वापरू देणारा तयार) एखादा परवाना निवडला की त्याचा वेबपत्ता फाइलच्या मेटाडेटात लिहिला जातो. बाकीचे मेन्यू भराभर उरकले, पण या यादीपाशी तीन दिवस अडलोय. ‘ॲट्रिब्यूशन’ला ‘श्रेयनिर्देश’ केले, ते चालून गेले. ‘शेअर-अलाइक’ला ‘जसेच्या तसे वाटा’ लिहिले, ते तपासणाऱ्याने शेरा मारून परत पाठवले. यात चुकले काय?

प्रतिसाद १

अर्थच उलटा झालाय. ‘जसेच्या तसे’ म्हणजे काना-मात्राही न बदलता. ती अट ‘नो-डेरिव्हेटिव्ह्ज’ची. ‘शेअर-अलाइक’मध्ये चित्र बदलायला पूर्ण मुभा असते. बदललेले चित्र पुढे द्यायचे असेल, तर ते त्याच (किंवा त्याच्याशी सुसंगत ठरवलेल्या) परवान्याखाली द्यायचे, एवढेच बंधन. सारखेपणा परवान्याचा, चित्राचा नव्हे. सरळ ‘त्याच परवान्याखाली वाटा’ लिहा. ‘समवितरण’ वगैरे घडवू नका. तो शब्द ऐकून सगळ्यांना सारखा वाटा मिळणार असे वाटते.

आणि ही चूक नुसती शब्दाची राहत नाही. मेन्यूत तुम्ही काहीही लिहा, फाइलमध्ये ‘बाय-एसए ४.०’चाच, म्हणजे ‘ॲट्रिब्यूशन–शेअर-अलाइक’ परवान्याचाच पत्ता उतरतो. म्हणजे चित्रकार समजणार की माझ्या चित्राला कोणी हात लावायचा नाही, आणि फाइल जगाला सांगणार की खुशाल बदला. पुढे तिच्या लक्षात आले तरी उपयोग नाही. चित्राचे वाटप तिला थांबवता येईल, पण ज्यांच्या हाती ते आधीच गेले त्यांचा परवाना रद्द करता येत नाही.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. आता ‘नॉन-कमर्शियल’कडे बघा, तिथे याहून मोठा खड्डा आहे. बरेच जण ‘अव्यावसायिक’ लिहितात. मराठीत ‘फारच अव्यावसायिक वागला हो’ म्हणजे काय, ते सांगायला नको! ‘व्यावसायिक’ हा शब्द आपण ‘प्रोफेशनल’ला आणि ‘कमर्शियल’ला असा दोन्हीकडे राबवतो, त्याची ही शिक्षा. शिवाय परवाना माणसाकडे बघतच नाही, वापराकडे बघतो: मुख्य हेतू व्यापारी लाभाचा किंवा पैसे मिळवण्याचा आहे का, एवढेच. धंदेवाईक छायाचित्रकारही पैशांचा हेतू नसेल तिथे असे चित्र वापरू शकतो. म्हणून ‘व्यापारी वापर नको’. त्यात ‘वापर’ हा शब्द गाळायचा नाही.

‘डेरिव्हेटिव्ह’ला कोणी ‘व्युत्पन्न’ सुचवेल, तर नको. त्याने डोळ्यांपुढे पंडितच उभा राहतो. ‘साधित’ बरा, शाळेच्या व्याकरणात साधित शब्द सगळ्यांनी पाहिलेले असतात. पण मेन्यूत ‘बदल नकोत’ पुरे.

प्रतिसाद ३

मला मुळात ‘परवाना’च खटकतो. फारसीतून आलेला, हुकमाचा कागद. आजही परवाना म्हटले की तो देणारे सरकारच डोळ्यांसमोर येते. ‘अनुज्ञप्ती’ तर फक्त सरकारी कागदावर जगते. इथे देणारा स्वतः चित्रकार आहे. ‘वापर-परवानगी’ का नको?

प्रतिसाद १ कडून

कारण परवानगी मागावी लागते. २००२ साली हे परवाने पहिल्यांदा आले ते नेमके या मागण्यातून सुटका व्हावी म्हणून: अटी पाळा आणि न विचारता वापरा. परवानगी माणसाला मिळते, परवाना वस्तूला आधीच चिकटलेला असतो. सरकारी वास येतो हे खरे, पण ‘परवाना’च राहू द्या.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. चौथी भानगड आजच सापडली. ‘लायसन्स’ ही ओळ भाषांतराच्या फाइलमध्ये एकदाच येते, पण दिसते दोन ठिकाणी. ‘विषयी’च्या खिडकीत ती सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याबद्दल असते, आणि टॅबवर वापरणाऱ्याच्या चित्राबद्दल. दोन्हीकडे नुसते ‘परवाना’ आले, तर आपले चित्रही जीपीएलखाली गेले असे कोणाला वाटायचे. प्रोग्रॅमरना सांगून दोन्ही ओळींना वेगवेगळा संदर्भ जोडून घेतला. आता एकीकडे ‘सॉफ्टवेअरचा परवाना’, दुसरीकडे ‘या चित्राचा परवाना’.

यादीच्या तळाशी ‘सीसी झिरो’ उरला होता. तो मुळात परवाना नव्हेच, कायदा जितके सोडू देतो तितके सगळे हक्क सोडून देण्याची घोषणा आहे. त्याला ‘हक्कसोड’ लिहिले. भावकीच्या जमिनीची आठवण होईल खरी, पण अर्थ कोणाला विचारावा लागणार नाही.

प्रतिसाद २ कडून

‘हक्कसोड’ फर्मास! कंसात ‘सीसी झिरो’ तेवढे राहू द्या, शोधणाऱ्याला सापडायला हवे.