‘डिग्निटी’ला मराठीत काय म्हणायचं?

सातारा : ऊसतोड मजुरांसाठी एक पत्रक मराठीत करतोय. ‘डिग्निटी’ला कोशात ‘प्रतिष्ठा’ मिळतं. पण आमच्याकडं प्रतिष्ठित म्हणजे लग्नात पुढच्या सोफ्यावर बसणारा. टोळीतल्या बाईला ती कुठली? ‘सन्मान’ म्हणावं तर शाल-श्रीफळ आठवतं. हिंदीतला ‘गरिमा’ घेऊ का?

सांगली : ‘गरिमा’ नको. तो ‘गुरु’वरून आलेला, म्हणजे जडपणा, अणिमा-लघिमाच्या रांगेतली ती योगातली एक सिद्धी. संविधानाच्या हिंदी उद्देशिकेत ‘व्यक्ति की गरिमा’ आहे, मराठीत मात्र ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’. यात धातू ‘स्था’, पाय रोवून उभं राहणं. शिवाय लॅटिन ‘डिग्नितास’ तरी कुठं सगळ्यांसाठी होतं? ‘डिग्नस’ म्हणजे लायक, आणि रोममध्ये डिग्नितास म्हणजे पदाचा, घराण्याचा मान. थोडक्यात तुमचा सोफाच! ‘डिग्निटरी’त, म्हणजे बड्या मानकऱ्यासाठीच्या शब्दात, तो अर्थ अजून शिल्लक आहे. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं पहिलंच कलम ‘डिग्निटी’ जन्मतः सगळ्यांची मानतं. तो शब्द बदलू शकला, तर प्रतिष्ठा का नाही? ‘श्रमप्रतिष्ठा’त बदललीच आहे की. कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांच्या ‘कमवा आणि शिका’मुळं तुमच्या जिल्ह्याला तो शब्द समजावून सांगायला नको.

कराड : ‘अब्रू’ राहिली. फारसीत आब म्हणजे पाणी, तेज. रू म्हणजे चेहरा. शब्द देखणा, पण अब्रू जाते, घेतली जाते, वेशीवर टांगली जाते. आणि ती सांभाळायची कुणी, तर घरातल्या बायकांनी. इथं चालणार नाही. प्रतिष्ठेबद्दलही माझ्या मनात शंका आहेच. आमच्या शेजारचं मसूर स्टेशन घ्या. 1901 मध्ये लहानगे भीमराव आंबेडकर घरातल्या इतर मुलांसोबत तिथं उतरले. कपडे नीटनेटके, म्हणून स्टेशनमास्तर आपुलकीनं बोलला. जात कळताच चेहरा पालटला. दुप्पट भाडं कबूल केल्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. कपड्यांनी मिळाली ती प्रतिष्ठा. जात कळल्यावरही जी उरायला हवी होती, तिला काय म्हणायचं?

सातारा : ‘माणूस म्हणून मान’ लिहितो. उद्देशिकेतलं वाक्य मात्र आहे तसंच ठेवतो, त्याला हात लावत नाही. दुसरा एक शब्द आता जास्त अडलाय. टोळीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. पत्रकात ‘कोयता’ ठेवला तर वाचणाऱ्याला लगेच कळतं, आणि बाई पुन्हा त्यातच गडप होते. तिथं काय लिहू?

सांगली : दोघांची नावं. वेगवेगळ्या ओळींत.