आरोप काय ते सांगत नाहीत. तक्रार अर्जात काय लिहावं?

प्रश्न: 'तुमच्याविरुद्ध तक्रारी आहेत' एवढंच वरिष्ठ सांगतात, तपशील देत नाहीत. लेखी तक्रार कशी मांडावी?

प्रतिसाद १: तक्रार नंतर, आधी विचारणा. त्याच दिवशी मेल करा: 'आजच्या बैठकीत माझ्याविरुद्ध तक्रारी असल्याचे आपण सांगितलेत. आरोपाचे स्वरूप, घटनेची तारीख व संबंधित नियम लेखी कळवावा.' तक्रारदाराचं नाव मागू नका. गोपनीयतेचं कारण देऊन अख्खी मागणीच बाजूला सारली जाते. उत्तर द्यायला तपशील लागतो, नाव नव्हे.

प्रतिसाद २: सहमत. आठवड्याने स्मरणपत्र, मग तक्रार. एकच पान: तारीखवार घटना, हजर कोण, शेवटी नेमकी मागणी. 'छळ', 'कारस्थान' असले शब्द पुराव्याशिवाय नकोत. 'दोनदा लेखी विचारूनही तपशील मिळाला नाही' हे वाक्य जास्त बोचतं. मेलच्या प्रती जोडा.

प्रतिसाद ३: 'कोणी केली तक्रार?' असं सहकाऱ्यांना विचारत फिरू नका, दबाव आणल्याचा नवा आरोप आयता मिळतो (आणि तो खराही ठरू शकतो!). वरिष्ठांनी एखाद्या पत्रावर सही मागितली तर 'फक्त पोच, मजकूर मान्य नाही' असं लिहून करा. मनात घोळत राहतं ते तारीख घालून वहीत उतरवा. झोपेला बरं, आणि पुढे कामालाही येतं.