'हॉर्स जिन'ला मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडी: स्कॉटलंडमधल्या जुन्या शेतीवरचा एक लेख मराठीत आणतेय. अँड्र्यू मीकलनं १७८६च्या सुमारास मळणीयंत्र केलं. पुढे कितीतरी शेतांवर ते घोड्यांनी चालायचं. कोठाराला लागून घोडे गोल फिरत, त्यांच्यामुळे मोठं आडवं चाक फिरे आणि दांड्यावाटे आतलं यंत्र. याला 'हॉर्स जिन' म्हणतात. मी लिहिलं, 'घाण्याला चार घोडे जुंपले.' संपादकबाईंचं म्हणणं, घाणा तेलाचाच असतो.

रानवाट: आणि चुन्याचा? गोल चरात दगडी चाक ओढत बैल चुना मळायचे, त्यालाही घाणाच म्हणतात. ठेवा बिनधास्त.

अष्टागरी: घाणा नको. घाण्यात बैलाची एक फेरी म्हणजे यंत्राचीही एकच फेरी. जिनमध्ये घोडा सावकाश चालतो आणि यंत्र भरभर फिरतं, ते दात्यांच्या चाकांमुळे. आमच्या वाडीतल्या रहाटाला अशीच चाकं होती. आडव्या चाकाचे दाते उभ्या चाकात अडकायचे आणि गाडग्यांची माळ पाणी घेऊन वर यायची. आजोबा पहाटे रेडा लावायचे, कुरकुर पार रस्त्यापर्यंत ऐकू यायची. 'घोड्यांचा रहाट' म्हणा.

शब्दवेडी: रहाट म्हटलं की वाचकाला विहीर दिसणार. इथे तर मळणी चाललीय.

कऱ्हाकाठ: माझी हरकत 'जुंपले'ला आहे. जुंपणं आलं की जू आलं. बैलाचं जू वशिंडाला अडतं. घोड्याला वशिंडच नाही, गळ्यावर ओढ आली तर श्वास कोंडतो. म्हणून तिकडे खांद्यांवर बसणारं, आत भर घातलेलं कडं घालतात.

रानवाट: टांग्याला घोडा जुंपतात, हे मिरजेत विचारा नाहीतर नाशकात. शिवाय जू म्हणजे संस्कृत युग, आणि वेदांतल्या रथांना घोडेच आहेत!

कऱ्हाकाठ: रूढ झालं म्हणून नेमकं होत नाही. माझे चुलते टांगा हाकायचे, त्यांच्या तोंडी कायम 'घोडा लावला'. बैलाला कासरा, घोड्याला लगाम. ज्यांनी रोज ही जनावरं हाताळली त्यांनी हे भेद केलेत, ते आपण का पुसायचे?

पांढरं सोनं: मूळ शब्दच घ्या की. हा 'जिन' म्हणजे एंजिनचं तुटकं रूप, आपलं कापसाचं जिनिंगही त्यातलंच. यवतमाळकडे 'जिनात गाडी नेली' सर्रास म्हणतात. 'घोडाजिन' लिहा.

अष्टागरी: घोड्याशेजारी 'जिन' लिहिलंत तर लोक फारसीतलं जीन समजतील. म्हणजे खोगीर!

कऱ्हाकाठ: जीन आणि खोगीर एक नव्हे. जीन चामड्याचं, खोगीर भरतीचं. खोगीरभरती म्हणतो आपण, जीनभरती कुणी म्हणत नाही.

रानवाट: धनगरांच्या घोड्यांवर काय असतं मग? आमच्या शिवारात वाडा उतरायचा तेव्हा घोड्यावर अख्खं बिऱ्हाड असायचं. भांडी, घोंगड्या, वर नुकती जन्मलेली कोकरं. पाठीवर गोधडीसारखं जाडजूड काही घातलेलं असायचं.

पांढरं सोनं: ओझ्याच्या जनावराचं ते पालाण.

कऱ्हाकाठ: पालाण उंटाचं. घोड्याचं मी कधी ऐकलं नाही.

पांढरं सोनं: आमच्याकडे बैलाचंसुद्धा म्हणतात.