क्रीम ‘फाटली’, ‘फुटली’ की ‘रवाळ झाली’?

प्रश्न (म्हापसा) : घरी केलेल्या चेहऱ्याच्या क्रीमवरून आमच्याकडे वाद पेटलाय. खोबरेल, शिया बटर, मधमाशांचं मेण, गुलाबपाणी आणि कोरफडीचा गर एवढंच साहित्य. दुसऱ्या दिवशी बघते तर बरणीच्या तळाशी पाणी आणि वर बारीक कण. मी म्हणते क्रीम फाटली. सासूबाई म्हणतात फुटली. नवरा म्हणतो, रवाळ झालीय, त्यात काय बिघडलं? बरोबर शब्द कुठला? आणि शब्दागणिक उपाय बदलतो का?

फोंडा : बदलतो तर! ताई, तुमच्या बरणीत दोन वेगळे बिघाड आहेत, म्हणून शब्दही दोन लागणार. तुमचं आणि सासूबाईंचं भांडण मात्र फुकटचं. दूध देशावर फाटतं किंवा नासतं, आपल्याकडे गोव्यात ते फुटतं. नारळाचा रस जास्त उकळला तर तोही फुटतो. अर्थ एकच : एकजीव झालेलं तेल आणि पाणी पुन्हा वेगळं झालं. अशा मिश्रणाला शास्त्राच्या पुस्तकात ‘पायस’ म्हणतात आणि ते धरून ठेवणाऱ्या पदार्थाला ‘पायसीकारक’. तुमच्या यादीत तो नाहीच. मेणाने क्रीम घट्ट होते, पण एकटं मेण पाण्याला धरून ठेवत नाही. जुन्या कोल्ड क्रीममध्ये मेणाच्या जोडीला टाकणखार असायचा, तेव्हा कुठे ते जमायचं. तुम्ही टाकणखाराच्या वाटेला जाऊ नका, इमल्सिफाइंग वॅक्स, म्हणजे पायसीकारक मेण, आणा. नुसतं घोटून फुटलेली क्रीम सांधली जाते, पण रात्रभरात परत फुटते.

आता ‘रवाळ’. नवऱ्याचा शब्द अचूक आहे, फक्त तो कौतुकाने वापरतोय. तूप रवाळ झालं तर आपण कढवणारीला शाबासकी देतो. ते रवे येतात सावकाश निवण्यामुळे : चटकन घट्ट होणारा स्निग्धांश आधी गोळा होऊन त्याचे कण बनतात. शिया बटरचंही नेमकं हेच होतं. म्हणजे तुपात जो गुण तोच क्रीममध्ये दोष! उपायही त्यातच आहे. शिया बटर पूर्ण वितळवायचं आणि भांडं थंड पाण्यात धरून, ढवळत, झटपट निववायचं.

कण बोटांच्या उबेने विरतात का, ते आधी पाहा. विरले तर ‘रवाळ’. नाही विरले आणि मेणासारखे लागले तर त्या ‘गुठळ्या’. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. गरम तेलात फ्रिजमधलं गुलाबपाणी ओतलं की मेण जागच्या जागी थिजतं. तेल आणि गुलाबपाणी दोन्ही साधारण ७० अंशांवर आणून मगच एकत्र करा. तिसरा प्रकार हळद किंवा मुलतानी माती घालणाऱ्यांचा. ती क्रीम ‘खरखरीत’, तिला रवाळ म्हणू नये.

पेडणे : वरच्या उत्तरात ‘थिजतं’ वाचून बरं वाटलं. हल्ली जो तो ‘गोठतं’ म्हणतो. पाणी गोठतं, तेल-तूप थिजतं, आणि रस्सा किंवा खीर आळते. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, म्हणून गोव्यात जानेवारीच्या पहाटे बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही आणि एप्रिलमध्ये तेच तेल पाण्यासारखं ओघळतं. उन्हाळ्यात क्रीम सैल पडली म्हणून ती बिघडली असं नाही. आणि कृपा करून ‘क्रीम उन्हात विरघळली’ म्हणू नका. साखर विरघळते, क्रीम वितळते.

(क्रीम ती की ते, हा वाद इथे नको. आमच्या घरात दोन्ही नांदतात.)

सांगे : शिया बटर कशाला? आपलं भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, आहे की. कुणी त्याला मुठेल म्हणतं, मुठीत वळून गोळे करतात म्हणून. पावसाळ्यात भेगा पडलेल्या टाचांना घरोघर हेच लावायचे. पण ते कडक असतं. जास्त घातलं तर क्रीम बोटाने निघत नाही, खरवडावी लागते.

म्हापसा : कण चोळल्यावर विरले, म्हणजे रवाळ. तळाला पाणी आहेच, म्हणजे फुटलीसुद्धा. परत वितळवून वॅक्स घालायचा विचार होता, पण आता थोडा वास येतोय.

फोंडा : कसला वास? ‘खवट’ असेल तर तेल जुनं. ‘कुबट’ असेल तर बुरशी. कोरफड आणि पाणी घातलेली क्रीम, त्यात टिकवणारं काही नाही आणि आपली दमट हवा! फ्रिजमध्येसुद्धा ती थोडेच दिवस राहते. वास खवट असो की कुबट, ती आता वितळवत बसू नका, टाकून द्या. बरणी उकळत्या पाण्याने धुऊन कोरडी करा आणि पुढच्या वेळी आठवड्याला पुरेल एवढीच करा.